पश्चिमेला उतरणारी नागीण

मी अमरावतीत वकिली करतो आणि औषध अकोल्याहून आणतो. औषध एचआयव्हीचं आहे. अमरावतीत ते मिळत नाही असं नाही. पण जिथे मिळतं त्या रस्त्यावर माझे दोन-चार अशील राहतात, बायकोच्या शाळेतल्या बाया राहतात, आणि माझा एक चुलतभाऊ राहतो, ज्याला कोण कुठे गेलं हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. त्यामुळे निदान झालं तेव्हाच बायकोने आणि मी ठरवलं की आपलं अकोला बरं. हा आजार मला कसा लागला हे ऐकायची लोकांना फार उत्सुकता असते. माझ्या अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न पहिल्या भेटीत एकदा विचारला आणि पुन्हा कधी काढला नाही. मीही इथे काढत नाही.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या या औषधाच्या केंद्रात गेल्यावर कळलं की ही युक्ती काही माझ्या एकट्याची नाही. अकोल्याची माणसं याच कामासाठी अमरावतीला जातात. दोन्ही गावांची अब्रू रोज अशी वाटेत मूर्तिजापूरजवळ एकमेकींना ओलांडून जात असते.

आमच्या गल्लीतले गुरुजी मला तिथेच सापडले. गल्लीतल्या मुंजी, वास्तुशांती, सत्यनारायण, सगळं त्यांच्याकडे. साठीला आलेले, आवाज असा की मंगलाष्टकं सुरू झाली की माईकवाला चहा प्यायला जातो. त्या दिवशी केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ तोंडाला मास्क, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर क्रिकेटची टोपी घालून बसले होते. त्यांना शिंक आली, आणि शिंकेनंतर त्यांनी 'नारायण, नारायण' म्हटलं. तो सूर मी रोज सकाळी दात घासताना ऐकतो. मी वळून पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

मी म्हणालो, एका केसमधला साक्षीदार इथे भरती आहे, त्याला भेटायला आलो. ते म्हणाले, इथल्या स्टाफने सत्यनारायण ठेवला आहे. मग आम्ही बराच वेळ साक्षीदाराच्या तब्येतीबद्दल आणि प्रसादाच्या शिऱ्याबद्दल बोललो. तेवढ्यात औषधं देणाऱ्या बाईंनी आधी त्यांना हाक मारली आणि लगेच मला. दोघं एकाच खिडकीशी उभे राहिलो आणि सारखीच बाटली घेऊन बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना गुरुजी एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, प्रसाद सारखाच भेटला." त्यानंतर अमरावतीत आम्ही त्या विषयाचा एक शब्द काढला नाही.

हे झालं आधीचं. गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता माझ्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. कोणी गरम इस्त्री टेकवून ठेवावी तशी. मला वाटलं, बार रूममधल्या त्या मोडक्या खुर्चीचा प्रताप असेल. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर बनियन घालताना आईने मागून पाहिलं आणि तिच्या हातातली कपड्यांची घडी खाली पडली. पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत लाल पट्टा उठला होता आणि त्यावर बारीक पाणीदार फोडांची रांग.

"नागीण हाये हे," आई म्हणाली. "हालू नोको."

आई आमच्याकडेच राहते. ती पातूरची, अकोल्याच्या पलीकडची. लग्न होऊन अमरावतीला आल्याला पन्नास वर्षं होत आली, पण तिची बोली आणि तिची औषधं अजून पातूरचीच आहेत. माझ्या आजाराचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिला बीपी आहे म्हणून सांगत नाही, असं मी बायकोला सांगायचो. बायको म्हणायची, तिच्या बीपीला तिची गोळी आहे, तुम्ही तुमचं बघा.

नागिणीबद्दल आईचं ज्ञान पक्कं होतं. नागीण अंगाभोवती वेढा घालते. तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस संपला. म्हणून तिचा रस्ता अडवायचा, घराबाहेर पडायचं नाही आणि वाहतं पाणी ओलांडायचं नाही, कारण पाणी पाहून ती फणा काढते. तिने लगेच पांढरा दोरा आणला, पट्टा मोजला, दोऱ्याला गाठ मारली आणि तो देवाजवळ ठेवला. मग निवडायची तूर डाळ घेऊन ती थेट उंबऱ्यात बसली.

मी आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच्या आज या. नागिणीचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. आणि मी बघितल्याशिवाय देणार नाही, कारण तुमच्यासारख्यांची नागीण कधी कधी एका पट्ट्यावर भागवत नाही. बायको शाळेला निघता निघता म्हणाली, मग आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनाच दाखवू. पण या वयात एवढी नागीण दिसली की कोणताही शहाणा डॉक्टर रक्ताची नेमकी ती तपासणी सुचवणार, आणि आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आतली खोली आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. बाहेरच्या बाकावर कोण बसलं असेल ते सांगायला नको. चुलतभावाला बारमाही खोकला आहे.

मी कपडे करून बाहेर आलो आणि आईला सांगितलं की अकोल्याच्या कोर्टात अर्जंट काम निघालं आहे.

"तारीख घे," आई डाळीतून मान वर न करता म्हणाली. "तुमी दुसरं काय करता तिथं."

बायकोने शाळेतून फोन करून आईला समजावलं, तिलाही आई नाही म्हणाली. शर्टाचं कापड फोडांवर घासत होतं आणि मी माझ्याच घरात कोठडीत पडल्यासारखा फिरत होतो. आईला ढकलून जाता आलं असतं. पण सत्तरी ओलांडलेली आई उंबऱ्यात डाळ निवडत बसलेली असताना तिच्यावरून ढांग टाकून जायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नाही. तोवर आईने पुढचं पाऊल टाकलं होतं. नागिणीची शांती करायला तिने गुरुजींना बोलावलं होतं.

गुरुजी पंचांग घेऊनच आले. मी शर्ट वर केला. त्यांनी फोड पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की यांना सगळं कळलं आहे. त्यांनी विचारलं, कधी उठली. मी म्हणालो, काल. ते पाटावर बसले, पंचांग उघडलं, बोटांची पेरं मोजली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिले. आई हात जोडून समोर उभी होती.

"ही नागीण पश्चिमेची हाये," ते शेवटी म्हणाले.

"म्हंजे?"

"उठली इथं, पण उतरीन पश्चिमेले. इथं ठेवली त वेढा पुरा करीन. आजच्या आज न्या लागते."

आईने जरा विचार केला. "बडनेऱ्यापर्यंत नेली त चालीन काय?"

"बडनेरा त इथंच हाये, कमी पडते," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "अकोल्यापर्यंत तरी जा लागीन. मी सोता घेऊन जातो."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वाहत्या पाण्याचं काय, असं आईने विचारलं, त्यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. प्रत्येक पुलावर ते मंत्र म्हणतील, म्हणजे नागिणीला पाणी दिसणार नाही. सगळं जमलं असं वाटत असतानाच आईचा चेहरा उजळला.

"मंग पातूरलेच जाऊ ना," ती म्हणाली. "पातूर त पश्चिमेलेच हाये. आन तिथं नागीण उतरवणारे चाचा हायेत. माह्या बापाची त्याईच्या बापानं उतरवली होती."

गुरुजींनी पंचांग मिटलं. त्यात पातूर वगळायची सोय नव्हती.

तासाभरात आम्ही निघालो. बायकोने अर्धी सुट्टी टाकली आणि गाडी तिने चालवली. पुढे गुरुजी, मागे आई आणि मी. पट्टा लावायची सक्ती बायको कोणालाच माफ करत नाही, आणि सीटचा पट्टा बरोबर नागिणीवरून जात होता. मी दोन्ही हातांनी तो अंगापासून लांब धरून बसलो होतो, धनुष्य ताणल्यासारखा. प्रत्येक नाल्याच्या अलीकडे आई गुरुजींच्या खांद्याला हात लावायची आणि गुरुजी मंत्र सुरू करायचे. अमरावतीहून अकोल्याला जाताना किती नाले आणि किती पूल लागतात हे मला इतकी वर्षं जाऊनही माहीत नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत गुरुजींचा घसा बसला. कोरडा नालाही आईने सोडला नाही. पावसाळ्यात इथं पाणी असते, ती म्हणाली, नागिणीले काय माहीत कोणता महिना हाये.

अकोल्यात माझी मावशी राहते. गुरुजींनी तिच्या दारात गाडी थांबवायला सांगितली आणि आईला समजावलं की पातूरला जाण्याआधी यजमानाला नदीकाठी एक विधी करावा लागेल, तिथे घरच्या माणसाची सावलीसुद्धा पडता कामा नये. आईने विचारलं, किती वेळ लागीन. गुरुजी म्हणाले, मुहूर्तावर अवलंबून आहे. केंद्रात रांग किती आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आईला सांभाळायला बायको मावशीकडे थांबली आणि आम्ही दोघं ऑटोत बसलो.

ऑटोत पहिल्यांदाच आमचं त्या विषयावर बोलणं झालं. ऑटोवाल्याचे कान पुढे असले तरी आमच्याकडेच होते, म्हणून गुरुजी आडून बोलायला लागले.

"तुमच्याकडे एक भाडेकरू हाये," ते म्हणाले. "माह्याकडे दोन हायेत."

मला आधी समजलं नाही. मग हळूहळू उलगडलं. पहिला भाडेकरू आमचा दोघांचा सारखाच. दुसरा म्हणजे कावीळ ब. पहिल्याची तपासणी करताना तो सापडला, बहुधा तो आधीपासूनच येऊन राहिला होता. यकृतात घर करून बसतो, आवाज करत नाही. गुरुजींना जी रोजची गोळी आहे तिच्यातली औषधं दोघांवरही चालतात, म्हणून दोघंही दबून राहतात. हे ठीक चाललेलं असताना मागच्या श्रावणात गुरुजींनी उपास धरले आणि उपासाला गोळी चालत नाही असं स्वतःच ठरवून महिनाभर ती बंद ठेवली.

"पहिला गप राह्यला," गुरुजी म्हणाले. "पण दुसऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. डोये पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास सहन होईना. भरतीच व्हा लागलं." गल्लीत तेव्हा गुरुजी अनुष्ठानासाठी नाशिकला गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. आईने त्यांच्या हाती देवाला दक्षिणाही पाठवली होती.

इथे ऑटोवाल्याला राहवलं नाही. त्याने आरशात पाहून विचारलं की भाडेकरू जुने आहेत का. गुरुजी म्हणाले, लय जुने. निघत नाहीत का. नाही निघत. मग त्याने सांगितलं की त्याच्या सासऱ्याचीही अशीच भानगड आहे, आणि त्याला एका वकिलाने एकच गोष्ट सांगितली आहे: भाडेकरू निघो न निघो, नोटीस द्यायचं थांबवायचं नाही. थांबवलं की तो मालक होतो.

गुरुजी माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, हेच आपल्या केंद्रातल्या बाईनं मले सांगितलं होतं. फक्त जरा रागानं."

केंद्रात डॉक्टरीणबाईंनी मला पडद्याआड नेऊन नीट तपासलं. पट्टा एकाच बाजूचा होता, डोळ्याला-तोंडाला काही नव्हतं, ताप नव्हता. त्या म्हणाल्या, ही तुमच्या लहानपणीच्या कांजण्यांचीच करामत. कांजण्या बऱ्या होतात पण त्यांचा विषाणू जात नाही, पाठीच्या कण्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून राहतो. प्रतिकारशक्ती जरा ढिली पडली की उठतो आणि त्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. नस शरीराच्या मध्यावर संपते, म्हणून पट्टाही तिथेच संपतो. तोंड शेपटीला टेकायचा प्रश्न येत नाही. माझे मागचे रिपोर्ट चांगले होते, तरीही आमच्यासारख्यांना ही इतरांपेक्षा जास्त वेळा गाठते. मग त्यांनी विचारलं, कांजण्या कधी झाल्या होत्या. मला आठवेना. त्या म्हणाल्या, असू द्या, सहज विचारलं. पण गुरुजींनी तोवर खिशातून मोबाईल काढून आईला फोन लावला होता.

आईचा आवाज अख्ख्या खोलीत ऐकू आला. दुसरीत असताना, ती म्हणाली, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, त्यातही दोन पेरू चोरून खाल्ले होते यानं. मग तिला शंका आली.

"विधीमंधी कांजण्या कायले लागतात, गुरुजी?"

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "सगळं पूर्वजन्मातलं नसते, आई. काही याच जन्मातलं पाहा लागते."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने त्यांनी चेहरा सरळ करून गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून पाच वेळा, एकही न चुकवता. फोड फोडायचे नाहीत, त्यांना काही फासायचं नाही, स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे. फोड सुकेपर्यंत गरोदर बायका आणि तान्ही मुलं यांच्यापासून लांब राहायचं, कारण ज्यांना कांजण्या झाल्या नाहीत त्यांना त्या होऊ शकतात. आणि रोजची गोळी चालूच. हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे नाही, गुरुजींकडे बघून बोलल्या. गुरुजी म्हणाले, औषध उपासाला चालते हे मी स्वतःच लोकाले सांगतो, तेव्हा माहीत नाही मले काय झालं होतं.

पहिली गोळी मी तिथेच घेतली. मग मावशीकडे जाऊन, तिचं वरण-बट्टी खाऊन आम्ही पातूरला निघालो. विधी झाला, आता चाचांकडे नाही गेलं तरी चालेल, असं गुरुजींनी एकदा म्हणून पाहिलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढच्या पुलाआधी स्वतःहूनच मंत्र सुरू केला.

पातूरचे चाचा म्हणजे पांढरी शुभ्र दाढी, इस्त्रीचा कुर्ता आणि हातात दोन मोबाईल. त्यांचा मूळ धंदा पलंगांचे पाय आणि दरवाजे कोरण्याचा, नागीण ते वडिलांच्या वचनाखातर उतरवायचे. सुताराच्या भुशाचा वास असलेल्या पडवीत त्यांनी मला स्टुलावर उघडं बसवलं, वाटीत गेरू कालवला आणि बोट बुडवलं. मला डॉक्टरीणबाई आठवल्या. काही फासायचं नाही. मी गुरुजींकडे पाहिलं, पण ते काही बोलायच्या आत दुसराच वाद सुरू झाला.

चाचांना नागिणीच्या तोंडावर पहिला ठिपका द्यायचा होता. ते छातीच्या बाजूला बोट नेत होते. आई म्हणाली, तोंड तिकडे नाही, पाठीकडे आहे.

"माँजी, ये मुंडी है," चाचा म्हणाले.

"शेपटी हाये ते. पाहा ना, बारीक होत गेली."

"बारीक नै हुई, माँजी. फना सिकोड के बैठी है."

आईने चष्मा लावला. चाचांनीही लावला. दोघं माझ्या दोन बाजूंना वाकून एकदा छातीकडे आणि एकदा पाठीकडे पाहत राहिले. चाचांनी वडिलांचा दाखला दिला. आईने तिच्या वडिलांचा दिला, ज्यांच्या पाठीवर प्रत्यक्ष नागीण होती. पडवीत आणखी दोन गिऱ्हाइकं दरवाजा पाहायला आली होती, ती दरवाजा सोडून मला पाहायला लागली. त्यातल्या एकाचं मत आईच्या बाजूने पडलं. मी मध्ये स्टुलावर, लिलावात काढलेल्या जप्तीच्या मालासारखा.

शेवटी गुरुजी उठले. त्यांनी सांगितलं की पश्चिमेच्या नागिणीला दोन्ही टोकांना तोंडं असतात, त्यामुळे ठिपका कुठेच द्यायचा नाही. ठिपका दिला तर एक तोंड चिडून दुसऱ्याकडे धावेल. तिच्याभोवती लांबून कुंपण घालायचं. एक वीत अंतर सोडून, चांगल्या कातडीवर, फोडांना शिवायचं सुद्धा नाही. चाचा विचारात पडले. अशी नागीण त्यांच्या वडिलांनी पाहिली नव्हती, पण गुरुजींच्या बसलेल्या घशाचा त्यांच्यावर परिणाम झाला असावा. "ठीक है महाराज, कम्पौंड मारते," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीपोटावर असं सरळ, रेखीव गेरूचं कुंपण काढलं की पलंगाच्या पायावर शोभलं असतं. एक फोडसुद्धा गेरूला शिवला नाही.

निघताना चाचांनी बजावलं की गरम औषध काही घ्यायचं नाही. आईने लगेच माझ्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बोट केलं. त्या विधीनंतरच्या गोळ्या आहेत, दिवसातून पाच वेळा घ्यायच्या, गुरुजींनी सांगितलं. आईने एक गोळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, पांढरी हाये, थंडच असन.

त्यानंतर घरात आईचं राज्य सुरू झालं. एवढी शिस्त मी कोणत्याच न्यायाधीशाकडे पाहिली नाही. गोळीची वेळ झाली की ती पेला आणि गोळी घेऊन समोर उभी. मी फोनवर अशिलाशी बोलत असलो तर ती फोन हातातून घ्यायची आणि त्याला सांगायची, नंतर कर बाबू, नागिणीचा टाइम झाला. हळूहळू माझे सगळे अशील माझ्या नागिणीची चौकशी करायला लागले. एकाने कोर्टात पुढची तारीख मागताना तेच कारण दिलं आणि ती मिळालीसुद्धा. फोड सुकले, खपल्या धरल्या, आईच्या दोऱ्याची गाठ पुढे सरकली नाही. तिने पातूरला फोन करून चाचांना सांगितलं की कंपाउंड पक्कं निघालं. अजूनही तिकडे दोन तोंडांच्या नागिणीवर कंपाउंड मारतात म्हणे.

पण इतक्या बारकाईने गोळ्या देणारा माणूस गोळ्या मोजतोही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका संध्याकाळी लवकर जेवण उरकून मी नेहमीप्रमाणे पाचक चूर्णाच्या डबीतून माझी रोजची गोळी काढली आणि तोंडात टाकली. आई दारात उभी होती.

"पाच झाल्या आजच्या," ती म्हणाली. "हे साहावी कोणती?"

मी म्हणालो, पोटाची. ती म्हणाली, तुह्यं पोट मी लहानपणापासून पाह्यते, त्याले काही होत नाही. मग ती पलंगावर माझ्या शेजारी बसली. आणि मी सांगितलं. वकील असूनही मला ते नीट मांडता आलं नाही. मधूनच सुरू केलं, मागे गेलो, पुन्हा मधे आलो. तिने कुठेही अडवलं नाही.

"मरून राहिला काय तू?" तिने विचारलं.

"नाही. ही गोळी घेत राहिलो तर नाही. बाकीच्यांसारखाच म्हातारा होईन."

"सुनेले?"

"तिला नाही. ती दर वर्षी तपासून घेते. आणि माझ्या रक्तात तो आता सापडत नाही इतका दबला आहे, तिला लागायची भीती नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. मला वाटलं, आता ती विचारेल की कसं झालं. तिने ते विचारलं नाही. "इतके वर्सं तू एकटाच त्या अकोल्याले जात होता," ती म्हणाली. "आन मी इथं तुले डब्यात चिवडा देत होती, कोर्टाच्या कामासाठी म्हून."

थोड्या वेळाने तिला दुसरं काही सुचलं आणि तिचा आवाज बदलला.

"म्हंजे त्या दिवशी नदीवर विधी नव्हता."

"नव्हता."

"मले बहिणीकडे बसवून तुमी दोघं दवाखान्यात."

"हो."

"गुरुजीले कसं काय ठाऊक तुह्यं?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार होतं. मी तिला म्हणालो की ते त्यांचं आहे, मी सांगू शकत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "मी इचारत नाही. कोणाजवळ बोलणारबी नाही." आणि ती खरंच बोलली नाही. फक्त पुढच्या श्रावणात गुरुजी आमच्याकडे पूजेला आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर भगरीचं ताट ठेवलं आणि जाता जाता, भिंतीशी बोलावं तसं, म्हणाली की उपासाले औषध चालते. गुरुजींनी पळी खाली ठेवली, तिला नमस्कार केला आणि पुढचा मंत्र चुकले. मी त्यांना मंत्र चुकताना त्या आधी कधी ऐकलं नव्हतं.

नागीण गेली, पण तिची आग महिना-दोन महिने राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसेला सूज आहे, वेळ लागतो. कोर्टाचा काळा कोट अंगावर चढवताना मला चटका बसायचा. त्या दिवसांत मी घरी आलो की उघडाच पंख्याखाली बसायचो.

ज्या संध्याकाळी आईला सांगितलं, त्या संध्याकाळीही मी असाच बसून राहिलो होतो. आई पदराने तोंड पुसून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे बायको उद्याच्या डब्याची भाजी चिरत होती. आईने आतून दार लोटून घेतलं. सून घरात आल्यापासून आईने स्वयंपाकघराचं दार कधी लोटलेलं मला आठवत नाही. बराच वेळ आतून फक्त आईचा आवाज येत होता, मग फक्त बायकोचा, मग कोणाचाच नाही. कोणीतरी नाक ओढलं. त्या दोघींनी काय बोलून घेतलं ते मला दोघींपैकी एकीनेही आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी वकिली पद्धतीने, आडून, उलटतपासणी घेऊनही पाहिली. मध्ये एकदा दोघी हसल्या, आई जरा जास्त वेळ, एवढं मात्र मी बाहेरून नक्की ऐकलं.